टाचणीनं लावलेली फाइल

सुरुवातीलाच माफी मागतो. या दिवाळी अंकात लिहिणारी बाकीची मंडळी वीस-वीस वर्षं नोकरी केलेली आहेत. माझी नोकरी जेमतेम साडेतीन वर्षांची, आणि तीही आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका छोट्या छपाई-बाइंडिंगच्या दुकानातली. संपादकताईंनी "तुझ्या कामाबद्दल लिही" असं सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बार्शीला वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि घरात लिहिणं म्हणजे मापाच्या वहीत छाती, खांदा, बाही. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. तरी लिहितोय, कारण माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे एका सात वर्षांच्या मुलीचं तिच्या आईकडे येणं लांबलं. ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी काम काय ते सांगतो, कारण ते ऐकल्यावर लोकांना वाटतं हे काही काम आहे का. एमएससी करताना विद्यार्थ्याला आठवड्यातून वीस तास काम करता येतं. मी दुकानाच्या काचेवर लावलेली पाटी वाचून आत गेलो. मालकीणबाई नोरीन, साठीची, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "एका फाइलमध्ये दुसरी फाइल घालता येते का तुला?" मी हो म्हणालो. खरं तर घरी जाऊन शिकलो.

दुकानात माणसं यायची ती अशी: वर्डमध्ये लिहिलेला प्रबंध, पण आत एक्सेलचा तक्ता हवा. अर्ज वर्डमध्ये, पण प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये. अहवाल तयार, पण नकाशा वेगळ्याच कसल्यातरी फाइलमध्ये. हे सगळं एकाच कागदपत्रात बसवून, उघडेल असं करून द्यायचं. वरवर सोपं आहे. पण पीडीएफ वर्डमध्ये घातली की बहुतेक वेळा तिचं पहिलंच पान दिसतं. बाकीची पानं त्या चित्राच्या मागे असतात, दोनदा क्लिक केलं की उघडतात. एका विद्यार्थिनीनं अठ्ठावीस पानांची प्रश्नावली अशी घातली आणि बाइंडिंगला आली. छापल्यावर एकच पान. तिचा चेहरा इतका पडला की नोरीननं आधी तिला चहा दिला आणि मग मला कामाला लावलं. त्या मुलीची सगळी पानं आम्ही एकेक करून चित्रं म्हणून बसवली.

विचित्र गिऱ्हाइकंही आली. डोनल नावाचे एक आजोबा होते. शेजाऱ्यानं कुंपणाला लागून खुराडं बांधलं होतं, त्याविरुद्ध त्यांना काउन्सिलला पत्र द्यायचं होतं. पत्र टाइप झालं. मग त्यांनी फोन पुढे केला. फोनमध्ये पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याचा व्हिडिओ.

"हा घाल पत्रात."

मी घातला. पत्राच्या मधोमध कोंबडा. दोनदा क्लिक केलं की आरवायचा. आजोबा खूश.

"आता छाप. दोन प्रती."

"छापल्यावर फक्त चित्र येईल," मी म्हणालो. "आवाज येणार नाही."

"मग त्यांना कळणार कसं?"

"फाइल ईमेलनं पाठवू या का?"

"त्यांना कागदच लागतो." आजोबांनी मला खालून वर पाहिलं. "तू युनिव्हर्सिटीत शिकतोस ना? काय शिकवतात तिथे?"

शेवटी चित्राखाली आम्ही एक ओळ टाकली, 'हा रोज पावणेपाचला सुरू होतो,' आणि आजोबा पत्र घडी घालून खिशात ठेवून गेले. पुढे काय झालं माहीत नाही. नोरीन अजूनही सकाळी दुकान उघडताना कधीकधी विचारते, "आपला कोंबडा काय म्हणतोय?"

माझ्या एक वर्ष पुढच्या वर्गातले पुण्याचे मित्र तोवर सँडीफोर्डच्या मोठ्या कंपन्यांत नोकरीला लागले होते, लुआस ट्रामनं ऑफिसला जायला लागले होते. ग्रुपवर माझं नाव त्यांनी 'झेरॉक्स' ठेवलं होतं. "काय झेरॉक्सशेठ, आज किती पानं?" वाईट वाटायचं, पण मी हसण्याचं चित्र टाकायचो. आप्पांना, म्हणजे वडिलांना, तर काम समजावणंच अवघड होतं.

"आरं पण तू करतोस काय नेमकं?"

"आप्पा, एका फाइलमध्ये दुसरी फाइल बसवतो."

"म्हंजी?"

मला तेव्हा सुचलं ते सांगितलं. "म्हणजे शर्टाला खिसा. शर्ट एका कापडाचा, खिसा दुसऱ्या. दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे खिसा शिवून टाकायचा. मग शर्ट कुठंही जाऊ दे, खिसा बरोबर जातो. पण शर्ट जड होतो. दुसरी म्हणजे नुसती टाचणी लावायची. खरा खिसा आपल्याच कपाटात राहतो, शर्टावर नुसती त्याची खूण दिसते. शर्ट हलका राहतो, आणि कपाटातला खिसा बदलला की शर्टावरचाही बदलतो."

 आप्पा म्हणाले, "टाचणीवर गिऱ्हाइकाला शर्ट देत न्हाईत, सागर."

हे त्यांनी मला चूक होण्याच्या सहा महिने आधी सांगितलं होतं.

डॉक्टर स्मिता दुकानात आल्या त्या काहीतरी छापायला. मी तेव्हा आप्पांशीच फोनवर बोलत होतो. त्या काउंटरपाशी थांबल्या आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "बार्शीकडचा का रे तू? माझी रूममेट होती तिकडची, अगदी असंच बोलायची." त्या नागपूरच्या. इथे कॉर्कच्या हॉस्पिटलात होत्या. मी मॅडम म्हणायला लागलो तर म्हणाल्या, "मॅडम मला वॉर्डात कोणी म्हणत नाही, तू कशाला? ताई म्हण."

ताईंचा कंत्राटी काळ सहा-सहा महिन्यांचा असायचा. सहा महिने कॉर्क, मग दुसरं गाव, मग तिसरं. त्यांची मुलगी ओवी नागपूरला आजीजवळ होती, दुसरीत. नवऱ्याशी त्यांचं पटलं नव्हतं, तो विषय त्या काढत नसत. "दर सहा महिन्यांनी शाळा बदलायची का तिची?" असं त्या एकदा म्हणाल्या. त्यांना प्रशिक्षणाची जागा हवी होती. ती मिळाली की काही वर्षं एकाच हॉस्पिटलात राहता येणार होतं. एक घर, एक शाळा, आणि ओवी इथे. ती जागा अर्जावर ठरायची, आणि अर्ज भरायचा होता वर्डच्या एका फॉर्ममध्ये. सगळे पुरावे त्याच फाइलच्या आत, वेगळं काही जोडायचं नाही, असा नियम. प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये, शिफारसपत्रं स्कॅन केलेली, आणि केलेल्या प्रत्येक केसची नोंदवही एक्सेलमध्ये.

"हे माझ्यानं होत नाही," ताई म्हणाल्या. "माणसाचं पोट उघडून पुन्हा शिवता येतं मला, पण हे नाही. तू कर."

मी अगदी मनापासून कामाला लागलो. दोन आठवड्यांनी त्यांची बदली लेटरकेनीला झाली, आयर्लंडच्या अगदी दुसऱ्या टोकाला. काम ईमेलवर चालू राहिलं. दर दोन-तीन दिवसांनी त्या नवी नोंदवही पाठवायच्या: "यात चार केस वाढल्या, आधीची काढून ही घाल." प्रत्येक वेळी जुनी काढा, नवी घाला, पानं पुन्हा जुळवा. फाइलही फुगत चालली, ईमेलमधून जाईना. तेव्हा मी हुशारी केली. फाइल घालताना तिथे एक छोटा चौकोन असतो, त्यात खूण केली की फाइल आत शिवली जात नाही, टाचणीनं लागते. मी ती खूण केली. आता ताईंची नवी नोंदवही मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर नुसती ठेवायचो आणि अर्जातला तक्ता आपोआप बदलायचा. फाइलही हलकी झाली. मला इतका आनंद झाला की मी सगळीच कागदपत्रं तशी केली.

मनात होतं की शेवटच्या दिवशी सगळं काढून पुन्हा नीट शिवायचं.

शेवटच्या दिवशी, गुरुवारी, दुकानात एका लग्नाच्या पत्रिका होत्या, शाई संपली होती, आणि ताईंची अखेरची नोंदवही दुपारी आली. मी फाइल उघडली. प्रत्येक चित्रावर दोनदा क्लिक केलं. सगळं उघडलं. उघडणारच, कारण मूळ फाइली त्याच कॉम्प्युटरवर होत्या. शिवायचं राहिलंय हे माझ्या डोक्यातूनच गेलं. मी ताईंना पाठवली. त्यांनी ड्यूटीच्या मधे उघडून पाहिली, पहिली पानं सगळी दिसत होती. "सुंदर झालंय रे," असा निरोप आला, आणि त्यांनी अर्ज पाठवून दिला.

आमच्या दुकानात एक रीत आहे. शुक्रवारी दुकान बंद करायच्या आधी गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली पुसून टाकायच्या. लोकांची खाजगी कागदपत्रं असतात, ती आपल्याकडे राहू नयेत, हा नोरीनचा नियम, आणि तो चांगला आहे. त्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे पुसलं. सोमवारी, दुसऱ्याच कामासाठी, ताईंच्या अर्जाची माझ्या ईमेलमधली प्रत उघडली. नोंदवहीवर क्लिक केलं. 'फाइल सापडत नाही.' प्रमाणपत्रावर. 'फाइल सापडत नाही.'

मी खुर्चीत बसून राहिलो. नोरीननं विचारलं, "काय झालं? ठीक आहेस ना?" मी सांगितलं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवून स्क्रीन पाहिला, सगळं समजून घेतलं, आणि एकदाही माझ्यावर ओरडली नाही. त्याच वेळी तिनं अर्ज मागवणाऱ्या कार्यालयाला दुकानाच्या कागदावर पत्र लिहिलं: चूक आमची आहे, अर्जदाराची नाही, दुरुस्त फाइल सोबत जोडली आहे. मी ताईंकडून मूळ कागद मागवून घेऊन फाइल शिवून दिली. उत्तर बुधवारी आलं. अतिशय सभ्य भाषेत. मुदतीत आलेल्या फाइलमधले पुरावे उघडले नाहीत, मुदतीनंतर काही स्वीकारता येत नाही, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

ताईंना ते माझ्या आधी मिळालं होतं. त्यांचा एका ओळीचा निरोप: "कळलं. राहू दे." मी फोन केला, त्यांनी उचलला नाही.

आप्पांना सांगितलं. मला वाटलं, टाचणीची आठवण करून देतील. तसं काही ते बोलले नाहीत.

"बाई कुठं असती?"

"लेटरकेनी. इथून लांब आहे, आप्पा. दोन बस लागतात, आख्खा दिवस जातो."

"मग शनवारी निघ. देशमुखांच्या पोराचा लग्नाचा कोट मी आखूड केलता, आठवतंय? त्यांनी निरोप धाडायच्या आधी मी त्यांच्या वट्यावर बसलो हुतो. बोलून घेतलं मला. त्यांचा हक्कच हाय तो. आपन त्यांच्या समोर जायाचं."

शनिवारी पहाटेची पहिली बस पकडली. वाटेत गॉलवेला बस बदलताना ताईंना कळवलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "ड्यूटीवर आहे. तीनला कॅन्टीनमध्ये ये." लेटरकेनीला उतरून हॉस्पिटलपर्यंत चढ चालत गेलो. त्या गावात पायी चालणारा बहुधा मी एकटाच होतो. एका बाईंनी गाडी थांबवून विचारलंसुद्धा, "कुणी आजारी आहे का रे बाळा?"

ताई निळ्या कपड्यांतच बसल्या होत्या. समोर सूप, पण चमचा कोरडा.

"एवढ्या लांब कशाला आलास? फोनवर बोलला असतास."

"तुम्ही उचलत नव्हता. आणि फोनवर... बरं वाटलं नसतं."

"कुणाला? तुला की मला?"

 मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. मी शिवायचं विसरलो."

"माहीत आहे. नोरीनबाईंचं पत्र वाचलं मी." त्या हळू आवाजात बोलत होत्या, पण शब्द तुटत होते. "सागर, आता तू रडायला लागशील आणि मीच तुला समजवायचं, असं नको हं करूस. मला आज तेवढी ताकद नाही."

मी रडलो नाही. ते मला जमलं याचा अजूनही थोडा अभिमान वाटतो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ. त्यांनी मला हातानं बसून राहायला सांगितलं आणि चेहरा असा बदलला की मी बघतच राहिलो.

"काय गं चिमणे, जेवलीस?"

"आजीनं भेंडी केलीये. आई, मिळाली का ती जागा? मी मैत्रिणींना सांगितलंय, मी उन्हाळ्यात जाणार."

"अगं, नाही मिळाली या वेळी."

"का? तुला प्रश्न नाही आले?"

"आले की. कागदांचा जरा घोळ झाला."

"तुझ्याकडून?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो, माझ्याकडून," ताई म्हणाल्या. "मी नीट तपासले नाहीत."

"मग आता तिसरी झाल्यावर?"

"तिसरी झाल्यावर."

"बाई म्हणतात तसं, आधी पुन्हा एकदा वाचायचं आणि मग पेपर द्यायचा, आई," ओवी म्हणाली, आणि भेंडी गार होतेय म्हणून आजीनं फोन घेतला.

फोन ठेवल्यावर ताईंनी थंड सूपचे दोन घोट घेतले. मग बॅगेतून लॅपटॉप काढून माझ्यापुढे सरकवला. "दाखव. कसं घालतात ते. पुढच्या वेळी मीच करणार."

ब्रेकची वीस मिनिटं उरली होती. मी दाखवलं. तो छोटा चौकोन दाखवला, आप्पांच्या दुकानातला खिसा सांगितला. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "म्हणजे पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघायचं. एवढंच ना?"

"एवढंच."

"एवढंच," त्या पुन्हा म्हणाल्या आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या, आणि आपल्या ट्रेमधलं न उघडलेलं सँडविच माझ्या हातात दिलं. "परतीची बस लांबची आहे."

त्यानंतर दुकानात मी एक रीत सुरू केली. मागच्या खोलीत नोरीनचा एक जुना लॅपटॉप होता, इंटरनेट नसलेला. आम्ही त्याला आंधळा लॅपटॉप म्हणतो. कुठलीही फाइल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी पेन ड्राइव्हवर घालून आंधळ्या लॅपटॉपवर उघडायची. तिथे उघडली तर शिवलेली, नाही तर टाचणी. वेळ लागतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. नोरीन त्यांना सांगते, "थांबा हो, त्याला तपासू द्या."

मला पदवी मिळाली. सँडीफोर्डला दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडे नाही म्हणाले. नोरीननं मला पूर्णवेळ ठेवून घेतलं. दिवाळीला ताईंना शुभेच्छा पाठवल्या. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीची अर्जाची मुदत आली आणि गेली. विचारायचा धीर झाला नाही, आणि विचारायचा हक्क आहे असंही वाटेना. आप्पा मधूनच विचारायचे, "त्या बाईचं काय झालं रं?" मी म्हणायचो, "माहीत नाही, आप्पा." ते म्हणायचे, "बरं." आणि विषय बदलायचे.

हा लेख मी ऑगस्टमध्ये इथपर्यंत लिहून ठेवला होता. शेवट सुचत नव्हता म्हणून संपादकताईंना पाठवला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दुकानाच्या पत्त्यावर एक ईमेल आला. विषय नाही, मजकूर नाही. नुसती एक वर्डची फाइल, बरीच जड. पाठवणाऱ्याचं नाव पाहून मी ती लगेच उघडली नाही. पेन ड्राइव्हवर घेतली आणि मागच्या खोलीत आंधळ्या लॅपटॉपपाशी जाऊन बसलो. नोरीन मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

फाइलमध्ये एकच पान होतं. वर दोन ओळी: 'कॉर्कलाच जागा मिळाली. जुलैपासून इथेच आहे. फाइल मी स्वतः केली होती, शेजारणीच्या मशीनवर उघडून बघितली.' खाली फोटो: एका घराच्या दारात मरून रंगाचा स्वेटर घातलेली मुलगी, पाठीवर दप्तर, पुढचा एक दात नाही. त्याखाली आवाजाच्या फाइलचं चित्र.

मी दोनदा क्लिक केलं.

थोडी खरखर झाली, मग आवाज आला. "सागरकाका, मी ओवी. मी आले. आई म्हणते हा आवाज आत शिवलाय, कुठेही उघडतो. ऐकू येतंय का?"

मागून ताईंचा आवाज: "अगं, तो नंतर ऐकणार आहे. आत्ता उत्तर नाही देणार."

तरी मी हो म्हणालो.